सांगू इच्छित नाही

कपावर लिहिलं होतं – जसे आहात तसे या. पांढरा कप, कंपनीच्या हिरव्या रंगातली अक्षरं आणि त्यांच्याखाली हातात हात धरून उभी असलेली माणसं. चाकांच्या खुर्चीत बसलेलं एक, एक डोक्यावर पदर घेतलेलं, एक काठी टेकणारं. चेहरा मात्र कुणालाच नव्हता, चेहऱ्यांच्या जागी नुसते गोल. मनिषानं कप फिरवून ती माणसं पलीकडे केली, तर पलीकडे तेच इंग्रजीत. तिनं कप काचेच्या टेबलावर ठेवून दिला. कॉफी चांगली होती, ह्याचाही तिला रागच आला.

जसे आहात तसे या... आणि फाटकावरच्या वॉचमननं आधी तिचा डबा काढून ठेवला होता, मग कानातले, मग हातातला दोरा, आणि मग केसांवर जाळी नि चपलांवर निळ्या पिशव्या चढवायला लावल्या होत्या. फळांच्या गराचा कारखाना, तिथं स्वच्छता पाहिजेच, त्याबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. निमगावच्या ज्या डेअरीत ती इतकी वर्षं दुधाचे नमुने तपासत होती तिथं ह्याच्या निम्मी शिस्त असती तरी तिनं देवापुढं नारळ फोडला असता. पण मग कपावर तसं लिहू नये. लिहावं – धुऊन-पुसून, जाळी घालून या.

सोफ्याच्या अगदी डाव्या टोकाला ती बसली होती, डावा खांदा भिंतीला लागेल अशी. हे ठरवून केलं नव्हतं, पाय आपोआप तिकडे गेले होते. वर्गात, एसटीत, पंगतीत, लग्नाच्या मांडवात – सगळं जग आपल्या उजव्या हाताला राहील अशी जागा ती न बघताच हेरायची, आणि तशी जागा नसली तर मान किंचित डावीकडे वळवून, नजर खाली ठेवून उजवा कान पुढं करायची. ह्या वळलेल्या मानेचं आजवर फार कौतुक झालं होतं. बघायला येणाऱ्या पाहुण्यांना ती मर्यादा वाटे. एका मुलाच्या आत्याबाई तर सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, पोरगी ऐकून घेणारी हाय. आणि पोह्यांची बशी हातात धरून उभ्या असलेल्या मनिषाला हसू दाबता दाबता डोळ्यांत पाणी आलं होतं, तर त्या पाण्याचंही पुन्हा कौतुक. ते स्थळ पुढं पत्रिकेवरून मोडलं. ऐकून घेणारी! अकरावीपासून तिचा डावा कान गेलेला होता, पार गेलेला, भिंतीसारखा. ही गोष्ट घरात तिघांनाच ठाऊक होती, आणि तिघांपैकी कुणीही ती कधी तोंडातून काढली नव्हती – गेल्या पंधरवड्यापर्यंत.

पंधरवड्यापूर्वी तिनं मोबाइलवर हा अर्ज भरला. शिक्षण, अनुभव, प्रयोगशाळेतली कुठली यंत्रं हाताळता येतात – हे चटकन आटोपलं आणि मग सुरू झालं ‘तुमच्याविषयी थोडंसं’. लिंग. लैंगिक कल. धर्म. जातीचा प्रवर्ग. वैवाहिक स्थिती. घरात पदवी घेणाऱ्या तुम्ही पहिल्याच का. आईचं शिक्षण. तुम्हाला कधी भेदभाव सोसावा लागला का – नाही, क्वचित, अनेकदा. आणि प्रत्येक प्रश्नाखाली बारीक अक्षरांत, की ही माहिती ऐच्छिक असून निवडीवर तिचा परिणाम होणार नाही. आणि सगळ्यांत शेवटी एक पर्याय – सांगू इच्छित नाही.

तो पर्याय, खरं सांगायचं तर, तिला आवडला होता. उभ्या जन्मात असा पर्याय तिला कुणी दिलेला नव्हता. एसटीत शेजारी बसलेल्या बाया विचारतात, लग्न झालं का, का न्हाय झालं, तुमी कुणाच्या – आणि ‘कुणाच्या’ म्हणजे काय विचारतात ते सगळ्यांना कळतं – तिथं कुठं असं काही दाबता येतं? तिनं ओळीनं सगळीकडे तेच दाबत नेलं. सांगू इच्छित नाही. सांगू इच्छित नाही. लिंगालासुद्धा. डेअरीच्या मागच्या पायरीवर बसून ती एकटीच हसली होती.

आणि मग पुण्याहून एका मुलीचा फोन आला. आवाज गोड. मॅडम, तुमचा अनुभव खूप छान आहे, पण तुम्ही आम्हाला काहीच सांगितलेलं नाही, आणि ही भरती खास सर्वसमावेशकतेसाठी आहे ना, तर काहीतरी सांगा, म्हणजे आम्हाला तुम्हाला कशाततरी धरता येईल. मनिषानं विचारलं, ते ऐच्छिक आहे ना? हो हो, मुलगी म्हणाली, ऐच्छिकच आहे. पण भरलेलं बरं.

कशाततरी धरता येईल! आत्याबाईंनीही तिला कशाततरी धरलंच होतं. फरक एवढाच, की आत्याबाई नाव-गाव-कूळ एका दमात विचारून मोकळ्या झाल्या होत्या, ऐच्छिक वगैरे म्हणण्याची नाटकं त्यांनी केली नव्हती.

तरीही तिनं अर्ज पुन्हा उघडला... उघडलाच. कारण बारामतीत एक खोली पाहिजे होती. स्वतःची, जिथं संध्याकाळी दार आतून लावून घेता येईल, आणि ताटावर बसलं की समोर दादा बसलेला नसेल. एवढ्यासाठी तिनं अपंगत्वाच्या प्रश्नावर ‘श्रवण’ दाबलं. सरकार एका कानाला हिशेबात धरत नाही – दुसरा चांगला आहे ना, मग प्रमाणपत्र कशाला, असं इंदापूरच्या दवाखान्यात कान गेला तेव्हाच सांगून झालं होतं – पण कंपनीला प्रमाणपत्र नको होतं. ‘आपण स्वतःला जसे ओळखता’ तसं लिहायचं होतं. पुढं विचारलं होतं, कारण – जन्मतः, आजार, अपघात, इतर. तिनं ‘इतर’ दाबलं तर एक रिकामा चौकोन उघडला, थोडक्यात लिहा म्हणून. रिकामा ठेवला तर अर्ज पुढं सरकेना. शेवटी तिनं त्यात नुसता एक पूर्णविराम दिला. तो मात्र चालला.

आईला हे कळलं तेव्हा ती शेंगा फोडत होती. तिनं हातातली शेंग खाली ठेवून नीट विचार केला आणि म्हणाली, “कंपनीला सांगितलंस ते बरं केलंस. पर रैवारी कळंबचं पाव्हणं येत्यात, त्यास्नी न्हाय सांगायचं.”

एकच कान. एका बाजारात डाग, दुसऱ्या बाजारात माल. मनिषाला दोन्ही गिऱ्हाइकांची सारखीच किळस आली – आणि तराजू धरून मध्ये बसलेल्या आईची त्याहून जास्त, आणि मग स्वतःची, कारण रविवारी कोणती साडी नेसायची हे तिच्याही मनात येऊन गेलं होतंच.

आज सकाळी लखनदादानं पेरूचे क्रेट पिकअपमध्ये भरले आणि म्हणाला, चल, बारामतीला मार्केटला जायचंच हाय, तुला सोडतो. गाडीत हीच अडचण असते. चालवणारा उजवीकडे, ती डावीकडे, म्हणजे दादा बरोबर तिच्या चांगल्या कानाशी येतो. घरात ती त्याच्या उजव्या बाजूला बसून त्याला आयुष्यातून निम्मा पुसून टाकत असे. इथं मात्र त्याचं खाकरणं, गुटखा सोडल्यापासूनची त्याची बडीशेप चघळणं, पेरूला यंदा फळमाशी नाही, ड्रीपची नळी उंदरांनी कुरतडली – सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. लासुर्णे गेलं, जंक्शन गेलं. सणसरच्या अलीकडे समोर रस्त्याकडे बघत तो म्हणाला,

“ते कानाचं अर्जात टाकलंस न्हवं?”

इतक्या वर्षांत ‘कान’ हा शब्द त्यानं तिच्यापुढं उच्चारलेला नव्हता. बैलाच्या कानाबद्दल बोलतानाही तो अडखळायचा.

“आईनं सांगितलं मला. टाकलंस तर बरंच. तेवढाच उपेग हुईल त्याचा आपल्याला.” आणि थोड्या वेळानं, स्टिअरिंगवरची बोटं उघडमीट करत, “कारण काय लिहिलंस?”

आपल्याला! आपल्याला उपयोग! तिच्या पोटातून काहीतरी वर आलं, राग नव्हे, रागाला निदान ऊब असते. हे थंड होतं, जुनं होतं आणि तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. म्हणजे ह्याला कारणही ठाऊक आहे. सगळं ठाऊक आहे, आणि इतकी वर्षं ठाऊक आहे, आणि आज विचारतोय तेही अर्जात आपलं नाव तर आलं नाही ना एवढ्यासाठी.

“कारण विचारलं नव्हतं,” ती म्हणाली. त्याचे खांदे खाली आले ते तिनं पाहिलं. आणि ते पाहण्यात तिला सुख झालं, हेही तिनं पाहिलं.

अकरावीत असताना निमगावच्या स्टँडवर ती वर्गातल्या एका मुलाशी बोलत उभी होती. काय बोलत होती ते आता आठवतसुद्धा नाही – बहुतेक गाडी किती वाजता आहे एवढंच. लखन मोटरसायकलवरून आला, मागं बस म्हणाला, वरकुट्याला घरी पोचेपर्यंत चकार शब्द बोलला नाही, आणि अंगणात, गोठ्यासमोर, एक थप्पड. एकच. एका थपडेला कुणी मारणं म्हणत नाही. स्टीलचं ताट फरशीवर पडावं तसा आवाज झाला, आणि ते ताट पुढं कितीतरी दिवस फिरतच राहिलं... आईनं कोमट तेल घातलं. कानातून पू यायला लागला तेव्हा इंदापूरला नेलं. डॉक्टरांनी दिव्यानं आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि विचारलं, कुणी मारलं का हिला? आई म्हणाली, विहिरीत पवताना पाणी ग्येलं. डॉक्टर आईकडे बघतही नव्हते. ते मनिषाकडे बघत होते. म्हणाले, “मी तुला विचारतोय.”

आणि मी म्हणाले, पाणी गेलं.

तिच्या सगळ्या तुच्छतेची मुळी तिथं होती. आत्याबाई, एसटीतल्या बाया, पुण्याची गोड मुलगी, कपावरची बिनचेहऱ्याची माणसं – ह्या सगळ्या नंतर फुटलेल्या फांद्या. आयुष्यात एकदाच एका माणसानं विचारायचं ते विचारलं होतं, आणि त्या वेळी कुठलाही पर्याय दाबायचा नव्हता, नुसतं तोंड उघडायचं होतं.

“मनिषा?” काचेचं दार उघडून एक बाई हसत उभी होती. बहुतेक दुसऱ्यांदा हाक मारत असावी.

आतलं टेबल गोल होतं. आमच्याकडे टेबलाला वरची बाजू नसते, असं बाईंनी सांगितलं. त्यांचं नाव मोना, त्या पुण्याच्या कार्यालयातून खास ह्या भरतीसाठी आल्या होत्या, आणि मॅडम म्हणायचं नाही. वरची बाजू नसलेल्या त्या टेबलाशी त्या नेमक्या मनिषाच्या डावीकडे बसल्या. मनिषाची मान वळली. ते पाहून मोनानंही सहानुभूतीनं आपली मान तितकीच कलती केली, आणि दोघी दोन बगळ्यांसारख्या समोरासमोर आल्या.

उजवीकडे गव्हाणे साहेब होते, दर्जा विभागाचे प्रमुख, पन्नाशीचे, पोट सुटलेले, कंटाळलेले. सुरुवात त्यांनी केली. आंब्याच्या गराचा गोडवा दोन यंत्रांवर वेगवेगळा आला तर काय कराल, नमुना कुठून घ्याल, गर फसफसायला लागला आहे हे वास येण्याआधी कशावरून ओळखाल. मनिषा बोलू लागली आणि बोलता बोलता मान सरळ झाली. मध्येच गव्हाण्यांनी तिचं एक म्हणणं खोडलं, तिनं ते मान्य केलं, दुसरं खोडलं तेव्हा ती अडून बसली. तेवढा वेळ तिला कशाचाही तिरस्कार वाटला नाही. हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तो वेळ संपला होता.

कारण गव्हाणे विचारत होते, दुसऱ्या पाळीला चालेल का, घरून कोण सोडेल, लग्नाचं काही ठरतंय का. आम्ही शिकवतो आणि मुली लग्न करून जातात, असं ते मोनाकडे बघून म्हणाले.

“सर, हे आपण विचारत नाही,” मोना हसूनच म्हणाली. गव्हाण्यांनी हात वर केले आणि खुर्ची मागं घेतली. मग मोनानं समोरचा कागद उलटला.

“मनिषा, तुला तू म्हटलं तर चालेल ना?” ती म्हणाली. “तू इथे फक्त एक पूर्णविराम दिलायस. मी खूप वेळ त्या पूर्णविरामाकडे बघत बसले होते. नसेल सांगायचं तर खरंच नको सांगूस. पण इथे तुला कुणी जज करणार नाही.”

पूर्णविरामाकडे बघत बसले होते! मनिषाला मोनाच्या नखांवरचा फिका रंग दिसला, तयारीत धरलेलं पेन दिसलं. लग्नाचं विचारत नाहीत, पण हे विचारतात. वापरून वापरून गुळगुळीत झालेलं ‘पाणी गेलं’ तिच्या जिभेवर आलेलं होतं; नुसतं सोडायचं होतं. ते ह्या बाईला देऊन टाकायचं, तिला चौकोन भरता येईल, आपल्याला खोली मिळेल, आणि हिच्याबद्दल वाटतंय ते वाटत राहील, काही बिघडणार नाही.

“भावानं मारलं,” ती म्हणाली.

आवाज तिचाच होता. एवढीशी गोष्ट! दोन शब्द, ड्रीपच्या नळीबद्दल सांगावं तितके साधे.

मोनाचे डोळे भरून आले. खरे भरून आले, आणि तेच अवघड होतं. खोटे असते तर त्यांचं काय करायचं ते मनिषाला पक्कं ठाऊक होतं. मोनानं तिच्या हातावर हात ठेवला, किती धाडसी आहेस म्हणाली, नाक पुसलं. आणि नाक पुसता पुसताच म्हणाली की मार्चमध्ये महिला दिनाला कंपनीचा मोठा कार्यक्रम असतो, परदेशातले लोकही पडद्यावर बघत असतात, तिथे तू हे बोलशील का, आणि त्याआधी एक छोटी फिल्म करू, तुझ्या गावी येऊन, शेत वगैरे... “आणि भाऊसुद्धा आला तर – म्हणजे, तो आता बदललाय ना?”

हां. आता ठीक झालं. मनिषाला एकदम हलकं वाटलं. मोना पुन्हा जागेवर आली होती, कपावरच्या माणसांत जाऊन उभी राहिली होती. त्या फिल्ममध्ये गोठा दिसेल, आई डोक्यावर पदर घेईल, दादा पेरू कापून देईल आणि खाली इंग्रजीत अक्षरं येतील. कळंबचे पाहुणे मोबाइलवर बघतील.

“सांगता येत नाही,” ती म्हणाली.

“पाश्चरायझरचा भोंगा वाजला तर ऐकू येतो का?” गव्हाणे उजवीकडून म्हणाले. इतका वेळ ते खिडकीबाहेर बघत होते.

“येतो. फक्त कुठून वाजतोय ते कळत नाही.”

“मग भोंग्याबरोबर दिवा लावावा लागेल,” ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले आणि हातातल्या कागदाच्या कोपऱ्यावर काहीतरी टिपलं. मनिषानं त्या वाक्यात कुठं दया, कुठं आखडूपणा सापडतो का ते शोधलं. नुसता दिवाच होता. लग्नाबद्दल विचारणारा माणूस हाच, ह्याची तिनं स्वतःला पुन्हा आठवण करून दिली, पण ती आठवण नीट बसेना.

दोन-तीन दिवसांत कळवू, मोनानं दारापर्यंत येऊन सांगितलं, माझ्याकडून तर होच आहे. आणि फिल्मचं नक्की विचार कर.

फाटकाबाहेर पडेपर्यंत मनिषाच्या मनात एकच शब्द वाजत होता – विकलं. मैत्रिणीला नाही सांगितलं, विचारणाऱ्या डॉक्टरला नाही. सांगितलं ते जिथं भाव होता तिथं. मोनाला हसण्याचा मला काय अधिकार? तिनं निदान डोळे पुसले.

लखन कडुनिंबाखाली पिकअप लावून थांबला होता. क्रेट रिकामे झाले होते, आणि पेरूंचा वास मात्र गाडीत तसाच कोंडून राहिला होता. तिला बघून त्यानं सीटवरची धूळ हातानं झटकली. बारामती मागं पडली, उसाचे फड सुरू झाले, तेव्हा तो म्हणाला, “काय काय इचारलं?”

“कारण विचारलं.”

त्याची बोटं स्टिअरिंगवर थांबली. “मग?”

“सांगितलं.”

“काय?”

“जे झालं ते.”

ह्या क्षणाची तिची तयारी अकरावीपासूनची होती. तो ओरडेल, तर काय वाटून घ्यायचं हे ठरलेलं होतं. घरातलं बाहेर काढलंस म्हणेल, तर त्याला उत्तर होतं. मी कुठं मारलं म्हणेल, रडेल, गाडी बाजूला घेऊन हात जोडेल – हात जोडले तर सगळ्यात जास्त तुच्छता, ती तिनं राखूनच ठेवली होती. पुढं उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत डुलत चालला होता. लखननं भोंगा वाजवला नाही. कितीतरी वेळ तो त्याच्या मागं मागं सावकाश गाडी चालवत राहिला. मग रस्ता मोकळा दिसल्यावर बाजूनं काढून घेतली, गिअर बदलला आणि म्हणाला,

“बरं केलंस.”

तिनं चमकून त्याच्याकडे पाहिलं. तो समोर बघत होता. चेहऱ्यावर काही नव्हतं. दाढीचे खुंट, त्यांत पांढरे, घामानं कानशिलावर चिकटलेले केस. बरं केलंस... काय बरं केलं? नोकरी मिळेल म्हणून बरं केलं? आईनं म्हटलं होतं तसंच, त्याच हिशेबानं? का... तिनं ते वाक्य उलटून पाहिलं, सुलटून पाहिलं. ते कशातच धरता येईना. तिनं नेहमीची थंडी पोटातून वर काढायचा प्रयत्न केला. त्याच्या जाड मानेकडे बघून, त्या ‘आपल्याला उपेग’वरून, अंगणावरून. थोडी आली, आणि परत खाली गेली. मोनाचा चेहरा आठवला तर तिथं मात्र सगळं लगेच, भरपूर आलं – नखं, पेन, पडद्यावरचे परदेशी लोक – म्हणून ती जंक्शन येईपर्यंत मोनाचाच विचार करत राहिली, थंडीत एकाच शेकोटीजवळ सरकून बसावं तशी. लासुर्ण्याच्या पुढं तोही पुरेना.

विचारावं का? काय बरं केलं – तीन शब्दांचा प्रश्न. विचारला तर उत्तर येईल; आणि एकदा उत्तर आलं की मग त्याच्याबरोबर राहावं लागेल, बारामतीच्या खोलीत काय नि वरकुट्यात काय, आतून दार लावलं तरी. ती विचारणार नव्हती, निदान आज तरी. पण विचारावंसं वाटतंय, आणि तेही ह्याला, हे तिला इतकं नवीन होतं की तिनं भीतीनं खिडकीची काच थोडी खाली केली. वारा आत आला. लखन तिरका होऊन काहीतरी विचारायला वळला, तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि न विचारताच पुन्हा रस्त्याकडे बघायला लागला.